नासपतीचा आकार, मापाची टेप आणि कपड्यांचं विज्ञान

दुकानातल्या ट्रायल रूममध्ये तुम्ही एक जीन्स घालून बघताय. मांड्यांवरून ती जरा ओढून घ्यावी लागते, पण नितंबांवर नीट बसते आणि बटणही लागतं. मग तुम्ही पाठमोरं वळून आरशात बघता, तर मागे कमरेपाशी पट्टा अंगापासून सुटलेला असतो. त्यात चार बोटं सहज जातील. खाली वाकलं की तो अजूनच उघडतो. म्हणून एक नंबर लहान मागवता, तर तो मांडीच्या वर सरकायलाच तयार नसतो. चार-पाच जोड परत करून हात हलवत बाहेर येताना मनात एकच वाक्य येतं, "माझंच अंग बेढब आहे."

या लेखात आपण या वाक्यातली चूक शोधणार आहोत. कंबर बारीक आणि नितंब-मांड्या त्या मानाने रुंद, अशा बांध्याला नासपतीचा आकार म्हणतात. अशा बांध्याला शोभणारे कपडे कसे निवडायचे यावर सल्ल्यांचा तोटा नाही. "काळं घाल", "आडव्या पट्ट्या नकोत", "लांब कुर्ता घाल" हे आपण आत्या-मावशीपासून मासिकांपर्यंत सगळ्यांकडून ऐकलेलं असतं. त्यातलं काय खरं आणि का, हे कळायला थोडी भूमिती, थोडं दृष्टीचं शास्त्र आणि थोडं शरीरशास्त्र लागतं. सोबत एक मापाची टेप घेऊन बसा. लेख वाचून होईपर्यंत ती लागणार आहे.

पहिला प्रयोग : तीन मापं

मराठीत 'कंबर' हा शब्द आपण फार सैल वापरतो. नाडी बांधतो ती कंबर, दुखते ती कंबर आणि "कंबर रुंद आहे" म्हणताना आपल्या मनात असतात ते नितंब. शिंपी मात्र दोन वेगळी मापं घेतो, एक कंबर आणि एक 'सीट'. आपणही तसंच करू.

१. कंबर : सरळ उभं राहून बाजूला किंचित झुका. जिथे घडी पडते ती कंबर. श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता माप घ्या.

२. नितंब : पाय जवळ घेऊन, सर्वांत रुंद भागाभोवती टेप जमिनीला समांतर ठेवा. बहुतेकींचा हा भाग कमरेच्या साधारण १८ ते २३ सेंमी खाली असतो. तुमचं हे खोलीचं मापही लिहून ठेवा, पुढे लागेल.

३. नितंब, बसून : आता खुर्चीवर बसा आणि तेच माप पुन्हा घ्या. ते काही सेंटिमीटरनी वाढलेलं दिसेल. उभ्याने बसणारी पँट गाडीत बसल्यावर का काचते, याचं उत्तर या फरकात आहे. न ताणणाऱ्या कापडाच्या कपड्यात नितंबांपाशी निदान ४-५ सेंमी सैलपणा लागतो तो याचसाठी.

उदाहरणासाठी आपण एक बांधा धरू : कंबर ७४ सेंमी, नितंब १०६ सेंमी. फरक ३२ सेंमी, म्हणजे साधारण साडेबारा इंच. तयार कपड्यांच्या तक्त्यांमध्ये हा फरक सहसा १० इंचांच्या, म्हणजे २५ सेंमीच्या आसपास धरलेला असतो. म्हणजे १०६ सेंमी नितंबांसाठी शिवलेल्या पँटची कंबर असणार १०६ वजा २५, म्हणजे ८१ सेंमी. तुमची कंबर ७४. उरलेले ७ सेंमी जातात कुठे? पाठीच्या खालच्या भागाला आत वळण असतं, त्यामुळे ते सगळे मागे गोळा होतात. ट्रायल रूममधली ती चार बोटांची जागा ही अशी येते. ही केवळ वजाबाकी आहे.

हा तक्ता आला कुठून?

पूर्वी कपडे शिंप्याकडे किंवा घरीच शिवले जात, तेव्हा 'नंबर' हा प्रकारच नव्हता. तयार कपडे आणि टपालाने मागवायचे कपडे वाढले तशी ठरावीक मापांची गरज पडली. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९३९-४० मध्ये एक मोठी मोजणी केली. रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांच्या देखरेखीखाली सुमारे १५,००० स्त्रियांची प्रत्येकी ५९ मापं घेतली गेली. त्या काळाच्या मानाने हे प्रचंड काम होतं. पण गोऱ्या नसलेल्या स्त्रियांची मापं त्या आकडेवारीत धरलेली नव्हती. आपल्या आज्या-पणज्यांच्या बांध्यांचा तर तिथे प्रश्नच नव्हता.

या मोजणीच्या आधारावर १९५८ साली अमेरिकेत स्त्रियांच्या कपड्यांच्या मापांचं एक प्रमाण ठरलं. त्यात एक फार शहाणी गोष्ट होती. आकड्याबरोबर उंचीसाठी एक अक्षर होतं आणि नितंबांसाठी एक चिन्ह. सरासरीपेक्षा अरुंद नितंब असतील तर वजा, रुंद असतील तर अधिक. म्हणजे नासपतीच्या बांध्याला प्रमाणातच जागा होती! पण प्रत्येक आकड्याचे इतके पोटप्रकार शिवणं आणि दुकानात साठवणं उत्पादकांना परवडण्यासारखं नव्हतं. ते चिन्ह बाजारात रुजलं नाही आणि १९८३ मध्ये ते प्रमाणही मागे घेतलं गेलं. त्यानंतर प्रत्येक ब्रँडने आपापला तक्ता बनवला. एकाच बाईला एका दुकानात ८ नंबर आणि शेजारच्या दुकानात १२ नंबर बसतो तो यामुळे.

तेव्हा पहिला धडा असा : नंबर हा तुमच्या अंगाविषयी काही सांगत नाही, त्या ब्रँडने डोळ्यांसमोर ठेवलेल्या बांध्याविषयी सांगतो. खरेदी करताना नंबराऐवजी तक्त्यातले सेंटिमीटर किंवा इंच बघा. 'कर्व्ही फिट' अशा नावाने मिळणाऱ्या जीन्समध्ये कंबर आणि नितंब यांतला फरक जास्त धरलेला असतो. म्हणजे १९५८ चं ते अधिक चिन्हच नव्या नावाने परत आलंय.

सपाट कापड, वळणदार अंग

१८७८ साली पॅरिसमध्ये भरलेल्या एका विज्ञान परिषदेत पाफ्नुती चेबिशेव या थोर रशियन गणितज्ञाने चक्क 'कपडे बेतण्याविषयी' व्याख्यान दिलं. प्रश्न असा होता : सपाट कापडाने गोल वस्तू नीट कशी झाकायची? तुम्ही संत्र्यावर कागद गुंडाळून बघा. कुठेतरी चुण्या पडतात, नाहीतर कागद फाटतो. नितंबांचा फुगीर भाग संत्र्यासारखा आहे. कंबर मात्र घोड्याच्या खोगिरासारखी, म्हणजे एका दिशेने बाहेर आणि दुसऱ्या दिशेने आत वळलेली. नासपतीच्या बांध्यात हे दोन्ही आकार अगदी जवळजवळ येतात. म्हणून सपाट कापडाची परीक्षा तिथेच होते.

शिंप्यांकडे या कोड्याची दोन उत्तरं आहेत.

पहिलं, कापड कमी करणं. आपण ज्याला टक्स म्हणतो, तो म्हणजे कापडातून काढून टाकलेला एक निमुळता त्रिकोण. टक्स जिथे संपतो तिथे कापडाला फुगवटा येतो. कमरेच्या मागच्या बाजूचे दोन टक्स नितंबांना जागा करून देतात आणि कंबर आवळतात. आपल्या उदाहरणातले ७ सेंमी असेच संपवता येतात : दोन टक्समध्ये प्रत्येकी २ सेंमी आणि मागच्या मधल्या शिवणीत ३ सेंमी.

दुसरं, कापड वाढवणं. कळी म्हणजे वर अरुंद आणि खाली रुंद असा तुकडा. तो जोडला की घेर खाली वाढत जातो. कळीदार कुर्ता, अनारकली आणि ए-आकाराचा स्कर्ट या सगळ्यांचं तत्त्व हेच.

घेराची ताकद किती, ते मोजून बघू. अर्धवर्तुळाकार कापडाचा स्कर्ट घ्या. कमरेचं अर्धवर्तुळ ७४ सेंमी लांब हवं, म्हणून त्रिज्या ७४ भागिले ३.१४, म्हणजे सुमारे २३.६ सेंमी. आता कमरेच्या २० सेंमी खाली, नितंबांपाशी, घेर किती? ३.१४ गुणिले (२३.६ + २०), म्हणजे सुमारे १३७ सेंमी. नितंब १०६ सेंमी, म्हणजे ३१ सेंमी मोकळे. याचा अर्थ, या स्कर्टसाठी नितंबांचं माप बघायचीच गरज नाही. कंबर बरोबर असली की काम झालं. ए-आकाराचे स्कर्ट नासपतीच्या बांध्याला 'चांगले दिसतात' असं म्हणतात त्यामागे हे साधं कारण आहे. कापड कमरेवर धरलेलं असतं आणि पुढे ते अंगाला धरून न जाता स्वतःच्या वजनाने पडतं. बघणाऱ्याला दिसते ती कापडाची कड.

जिथे दुरुस्ती अवघड, त्या मापाने घ्या

आता या लेखातला सर्वांत उपयोगी नियम. शिवलेल्या कपड्यातून कापड कमी करणं सोपं असतं, पण वाढवायला शिवणीच्या आत मुळात कापड हवं. शिंपी शिवणीत राखून ठेवतात त्या जास्तीच्या कापडाला आपल्याकडे 'माया' म्हणतात. कारखान्यातल्या कपड्यांत ती जेमतेम असते. म्हणून :

पँट, जीन्स, सरळ स्कर्ट नितंबांच्या मापाने घ्या आणि कंबर आत घ्या. कंबर आत घेणं हे कुठल्याही अल्टरेशनच्या दुकानातलं नेहमीचं काम आहे.

कुर्ता, शर्ट, जॅकेट, ड्रेस मात्र खांदे आणि छातीच्या मापाने घ्या. खांदा उसवून पुन्हा बसवणं किचकट आणि महाग असतं. नितंबांना बसावा म्हणून मोठा ड्रेस घेतला तर खांदे ओघळतात आणि सगळाच कपडा उसना आणल्यासारखा दिसतो. त्यापेक्षा खालचा भाग घेरदार असलेला ड्रेस घ्या, किंवा वरचा आणि खालचा कपडा वेगवेगळ्या मापांचा घ्या.

कापडाची जात

विणलेल्या कापडात उभे आणि आडवे धागे असतात. या दोन्ही दिशांना कापड फारसं ताणलं जात नाही. पण तिरकं ओढलं की सैलावतं, कारण धागे न ताणता त्यांच्यामधले कोन बदलतात आणि चौकोनाचा समभुज चौकोन होतो. रुमाल कोपऱ्यांना धरून ओढलात की लगेच कळेल. या तिरक्या कापडाला आपले शिंपी 'उरेब' म्हणतात. पॅरिसच्या मादलेन व्हिओने या ड्रेस डिझायनर बाईंनी १९२० च्या दशकात उरेब कापडाचे संपूर्ण पोशाख बेतून नाव कमावलं. उरेब कापड अंगाच्या वळणांवरून पाण्यासारखं वाहतं. त्यामुळे साटीनचा उरेब स्कर्ट नितंबांवर चिकटून बसतो आणि आतल्या कपड्यांच्या कडाही दाखवतो. वळणं दाखवायची असतील तर तो उत्तम, नको असतील तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

जीन्समध्ये एक-दोन टक्के इलॅस्टेन (स्पँडेक्स) असेल तर बराच फरक पडतो. हा धागा ड्यूपाँ कंपनीतले रसायनशास्त्रज्ञ जोसेफ शिव्हर्स यांनी १९५८ मध्ये तयार केला. तो ताणला जाऊन पुन्हा मूळ लांबीला येतो. त्यामुळे बसल्यावर वाढणारे नितंबांचे ते काही सेंटिमीटर तो सामावून घेतो. पण ८१ ची कंबर ७४ ची करणं काही त्याला जमत नाही. ती टक्सनेच होणार.

थंड देशांत राहणाऱ्यांसाठी आणखी एक. हिवाळ्यात हीटरमुळे घरातली हवा कोरडी होते. पॉलिएस्टरचा स्कर्ट किंवा सलवार नायलॉनच्या टाइट्सवर घासली की स्थिर विद्युतभार तयार होतो आणि कोरड्या हवेत तो निघून जात नाही. मग कापड मांड्यांना चिकटून पायांत येतं. उपाय सोपे आहेत : सुती किंवा व्हिस्कोसचं अस्तर लावा, किंवा पायांना आधी मॉइश्चरायझर लावा. ओलाव्यामुळे भार वाहून जातो.

डोळ्यांना फसवता येतं का?

आता आत्या-मावशींच्या सल्ल्यांकडे वळू.

*आडव्या पट्ट्यांनी जाड दिसतं?* हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८६७ मध्ये दृष्टिविज्ञानावरच्या आपल्या ग्रंथात याच्या उलट लिहून ठेवलंय. आडव्या रेघांनी भरलेला चौरस उभ्या रेघांच्या चौरसापेक्षा उंच आणि अरुंद भासतो. कागदावर दोन सारखे चौरस काढून रेघा मारा आणि स्वतःच बघा. २०११ मध्ये ब्रिटनमधल्या यॉर्क विद्यापीठात पीटर थॉम्पसन आणि किरियाकी मिकेलिडू यांनी हे कपड्यांच्या बाबतीत तपासलं. आडव्या पट्ट्यांमुळे आकृती जाड दिसत नाही, असाच त्यांचा निष्कर्ष निघाला. पण २०१३ मध्ये जपानी संशोधकांनी त्याला एक पुस्ती जोडली : आकृती जसजशी रुंद होत जाते, तसतसा हा भास कमी होतो.

शिवाय प्रत्यक्ष अंगावर पट्ट्या सरळ राहत नाहीत. घट्ट कपड्यावर त्या अंगाबरोबर वळतात आणि डोंगराच्या नकाशावरच्या समोच्च रेषांसारखा चढ-उतार दाखवतात. म्हणून पट्ट्या सैल कुर्त्यावर असल्या तर बिनधास्त घाला. घट्ट पँटवर असल्या, मग त्या उभ्या असोत की आडव्या, तर त्या वळणं मोजून दाखवतील.

*काळ्या रंगात बारीक दिसतं?* यात तथ्य आहे. अंधाऱ्या पार्श्वभूमीवरची उजळ वस्तू आहे त्यापेक्षा मोठी भासते, हे गॅलिलिओलाही ग्रह बघताना जाणवलं होतं. पण कपड्यांच्या बाबतीत दुसरं कारण जास्त महत्त्वाचं वाटतं. वस्तूचा फुगवटा आपला मेंदू तिच्यावरच्या उजेड-सावलीवरून ओळखतो. काळं कापड उजेडच कमी परावर्तित करतं, त्यामुळे सावल्या दिसत नाहीत आणि वळणं सपाट भासतात. मात्र कापड चकचकीत असेल तर फुगवट्यावर उजेडाची चमक उमटते आणि सगळा फायदा जातो. म्हणजे काळ्या रंगाइतकंच महत्त्व आहे निस्तेज पोताला. गडद निळा, गडद हिरवा, वांगी रंग हेही तितकंच काम करतात. चकचकीत काळ्या लेगिंग्जपेक्षा मळकट वांगी पँट बरी.

*कुर्ती कुठे संपावी?* डोळा जातो तो जिथे रंग किंवा उजेड एकदम बदलतो तिथे. पांढरी कुर्ती आणि काळी पँट घातली तर जिथे कुर्ती संपते तिथे एक ठळक आडवी रेघ तयार होते. ती रेघ नितंबांच्या सर्वांत रुंद जागी आली तर तुम्ही स्वतःच तिथे अधोरेखा मारल्यासारखं होतं. आता पहिल्या प्रयोगात लिहून ठेवलेलं खोलीचं माप काढा. समजा ते २० सेंमी आहे. तर वरचा कपडा एकतर कमरेच्या ८-१० सेंमी खाली संपू द्या, किंवा थेट मांडीच्या मध्यापर्यंत जाऊ द्या. अधलीमधली लांबीच घात करते.

*वर काही भरघोस घालावं?* रुंदी डोळा तुलनेनेच ठरवतो. रुंद गळा, खांद्यावर चुण्या असलेली बाही, उजळ रंगाची ओढणी यांनी खांदे रुंद भासतात आणि खालच्या भागाशी तोल साधतो. त्यासाठी खालचं काही लपवावं लागत नाही.

आपले कपडे : कुर्ता, परकर, साडी

भारतातून कुर्ते मागवताना लक्षात ठेवा की त्यांचं माप बहुधा छातीवरून असतं, ३६, ३८, ४० असं. छातीला बसणारा सरळ कुर्ता नितंबांवर ताणला जातो आणि बाजूचे कट तंबूच्या दारासारखे फाकतात. म्हणून दोनच प्रकार निवडा. कुर्ता कळीदार असेल तर प्रश्न येतच नाही. सरळ असेल तर बाजूचा कट नितंबांच्या रुंद भागाच्या थोडा वर सुरू व्हायला हवा. कट खाली सुरू होत असेल तर दोन-तीन इंच उसवून घ्या. हे काम घरी सुई-दोऱ्यानेही होतं.

साडीचं गणित तर अफलातून आहे. साडेपाच मीटर सपाट कापड, एकही टक्स नाही आणि एकही नंबर नाही. तरी ती आईची मुलीला आणि मुलीची सुनेला होते. कारण कंबर आणि नितंब यांतला फरक साडी निऱ्यांत जिरवते. तुमचा फरक ३२ सेंमी असो वा १५, निऱ्या तेवढ्या कमी-जास्त होतात. समोर निऱ्यांच्या उभ्या रेघा आणि छातीवरून तिरका जाणारा पदर नजर वर नेतो.

साडी रुंद दिसत असेल तर दोष बहुधा परकराचा असतो. सरळ कापडाच्या परकराला नेफ्यात पुष्कळ चुण्या पडतात आणि त्यांचा जाड थर नेमका नितंबांच्या वर बसतो. त्याऐवजी सहा किंवा आठ कळ्यांचा परकर शिवून घ्या. तो वर अंगाबरोबर बसतो आणि खाली चालायला घेर देतो. ऑर्गंझा किंवा कडक खळीची सुती साडी अंगापासून दूर उभी राहते. मलमल, जॉर्जेट आणि नरम रेशीम अंगाबरोबर पडतं.

तीच टेप, दुसरा हिशेब

आता कपडे बाजूला ठेवू. घेतलेल्या मापांत एक भागाकार करा, कंबर भागिले नितंब. आपल्या उदाहरणात ७४ भागिले १०६, म्हणजे ०.७०.

मार्सेय शहरातले डॉक्टर जाँ व्हाग यांनी १९४७ मध्ये दाखवून दिलं की चरबी किती आहे याइतकंच ती कुठे आहे हेही महत्त्वाचं असतं. पोटावर साठलेल्या चरबीचा मधुमेह आणि हृदयविकाराशी संबंध लागतो. नितंब-मांड्यांवरच्या चरबीचा तसा लागत नाही. उलट ती रक्तातली जास्तीची चरबी धरून ठेवणाऱ्या सुरक्षित कोठारासारखी वागते. स्त्रीसंप्रेरक इस्ट्रोजेन चरबीला तिथे पाठवतं आणि तिथल्या पेशी ती सहजासहजी सोडत नाहीत. व्यायामाने वजन उतरलं तरी बांधा नासपतीचाच राहतो तो यामुळे. ५२ देशांतल्या सुमारे २७,००० लोकांवर झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कंबर-नितंब गुणोत्तराने हृदयविकाराच्या झटक्याचा धोका वजन-उंचीच्या निर्देशांकापेक्षा चांगला दाखवला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते स्त्रियांमध्ये हे गुणोत्तर ०.८५ च्या वर गेलं की धोका बराच वाढतो.

आपल्या लोकांसाठी हे जास्तच महत्त्वाचं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 'वरून बारीक, आतून जाड' हा भारतीय बांधा जगापुढे मांडला. त्यांचं आणि डॉ. जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. दोघांचाही वजन-उंचीचा निर्देशांक सारखाच, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! म्हणून दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी कमरेची मर्यादाही कमी, म्हणजे ८० सेंमी धरतात.

तेव्हा ज्या आकारावरून तुम्ही आरशासमोर खट्टू होता, तो आरोग्याच्या दृष्टीने बरा आकार आहे. लक्ष ठेवायचं ते कमरेवर. पाळी थांबण्याच्या वयात इस्ट्रोजेन कमी होतं आणि चरबी पोटाकडे वळू लागते. दर सहा महिन्यांनी कंबर मोजत जा. जुनी जीन्स मागे सुटायची थांबली आणि पुढे आवळायला लागली, तर ती बातमी फॅशनची नसून तब्येतीची आहे. दोन्ही पाय सारखेच जाड होत असतील, दुखत असतील आणि जरा लागलं की काळेनिळे पडत असतील, तर ती लिपीडीमा नावाची वेगळी व्याधी असू शकते. त्यासाठी डॉक्टरांना दाखवा.

गृहपाठ

१. कंबर, नितंब, खोली आणि बसल्यावरचं नितंबाचं माप फोनमध्ये लिहून ठेवा. नंबर विसरा.

२. नितंब वजा कंबर हा फरक काढा. तो २५ सेंमीपेक्षा जितका जास्त, तितकं कापड कमरेला आत घ्यावं लागणार. दुरुस्तीचा खर्च किमतीत धरूनच पँट घ्या.

३. कपाटातली नितंबांना नीट बसणारी, पण कमरेला सैल म्हणून पडून राहिलेली एक पँट शोधा आणि या आठवड्यात अल्टरेशनला द्या. "वजन उतरल्यावर बघू" म्हणून ठेवलेल्या कपड्यांचं काय करायचं, ते तिच्यानंतर ठरवा.

४. दोन चौरस काढून रेघा मारा आणि घरातल्यांना विचारा, कुठला उंच दिसतो?

आपल्या शिंप्यांनी शिवणीतल्या राखीव कापडाला 'माया' हे नाव का दिलं असेल, असं मला नेहमी वाटतं. पुढे अंग भरेल, बाळंतपण होईल, वय वाढेल, तेव्हा कपड्याने माणसाबरोबर वाढावं, ही त्यामागची समजूत. कारखान्यातल्या तक्त्यात ती माया नाही. म्हणून पुढच्या वेळी ट्रायल रूममध्ये मागे पट्टा सुटला, तर आरशातल्या बाईला बोल लावू नका. टेप काढा, सात सेंटिमीटर मोजा आणि पँट शिंप्याकडे द्या.